जवसाच्या तेलातली बाग

माजी सैनिकांना जवसाच्या कच्च्या तेलाचा वास सांगायला नको. थ्री-नॉट-थ्रीच्या लाकडी बटाला हेच तेल हाताने चोळून मुरवायचे. अभनपुरच्या पोस्टिंगमध्ये ते पुन्हा भेटलं, ते चित्राच्या निमित्ताने.

रायपूर जिल्ह्यातला हा भाग भाताचा. पीक उभं असतानाच ओल्या शेतात जवस फेकतात, त्याला इथे 'उतेरा' म्हणतात. भात कापला की उरलेल्या ओलीवर जवस वाढतो आणि थंडीत निळा फुलतो.

आमच्या बराकीसमोर सुभेदार साहेबांनी झेंडू, शेवंती आणि कर्दळीची बाग उभी केली होती. जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते. बाग बरोबर नेता येत नाही, म्हणून तिचं तैलचित्र द्यायचं ठरवलं. हातात पाच आठवडे.

खरा प्रश्न वाळण्याचाच. जलरंगातलं पाणी उडून जातं, तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि वरचे थर क्रमाने तेलकट ठेवायचे. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. माती आणि सावल्या मी अंबर रंगात आधी मांडल्या, कारण त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. झेंडूचा कॅडमियम पिवळा वाळायला वेळ घेतो, तो शेवटी आणि पातळ लावला. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर पानं प्लॅस्टिकची दिसतात. त्यात चिमूटभर तांबडा मिसळला की ती बागेतली होतात.

कॅनव्हास सुती घेतला. लिननचा असता तर कापडही जवसाच्याच जातीचं झालं असतं, कारण लिननचा धागा त्याच झाडाच्या देठातून निघतो.

ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा मात्र रोज बंदोबस्त. तेल वाळताना उष्णता निघते, आणि चिंध्यांचा ढीग काडी न लावता पेटू शकतो. त्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायच्या.

निरोपाच्या दिवशी चित्र हाताला लागत नव्हतं, पण आतून ओलंच होतं. साहेबांना सांगितलं, "पेटीत घालून ठेवू नका, अंधारात हे तेल पिवळं पडतं. उजेडाच्या भिंतीवर लावा, पण थेट उन्हात नको."

ते हसून म्हणाले, "म्हणजे हिचीही निगा राखायचीच!"

वॉर्निश अजून बाकी आहे. पुढच्या सुट्टीत त्यांच्या गावी जाऊन लावणार आहे.