खिशातला पोटभाडेकरू

कमी जागेत संसार कसा थाटतात, हे पाहायला पूर्वी गिरगावातल्या चाळीत जावे लागे. आता खिशातला मोबाइल पुरे. बॅटरीने मोठी खोली अडवलेली, पडद्याने दर्शनी भाग बळकावलेला, कॅमेऱ्यांनी कोपरा धरलेला. आणि ज्याच्यावाचून हे सारे बिऱ्हाड मुके-बहिरे व्हायचे, तो अँटेना मात्र कडेला अंग चोरून बसलेला! पोटभाडेकरूच म्हणा ना.

एके काळी त्याचा थाट होता. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर नावाच्या इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन केला. तो फोन विटेएवढा होता आणि त्याच्या डोक्यावर अँटेना ताठ मानेने उभा होता. पुढे फोन सडपातळ झाले, ते शिंग आखूड होत गेले आणि अखेर पोटात गेले. आपल्याला वाटले, विज्ञानाची प्रगती झाली!

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक परवा चहा घेता घेता म्हणाले, “अहो, माणसाला फॅशन असते, लहरीला नसते.” ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तिला सुखाने झेलायचे, तर अँटेना निदान तिच्या चौथाईएवढा, म्हणजे आठेक सेंटिमीटर हवा. ७०० मेगाहर्ट्‌झला जवळजवळ अकरा. तार दुमडता येते, नागमोडी करता येते. पण लॅन जेन चू या शास्त्रज्ञाने १९४८ सालीच गणित मांडून ठेवले आहे. अँटेना फार लहान केला, की एक तर त्याला थोड्याच लहरी पेलतात, नाही तर त्याची कार्यक्षमता घटते. आणि इथे तर फोनच्या लहरी अनेक, वाय-फायची निराळी, वाट दाखवणाऱ्या उपग्रहांची आणखी निराळी!

त्यातून आपला हात. हातात पाणी पुष्कळ. ते लहरींची शक्ती पिऊन टाकते, शिवाय अँटेनाचा लागलेला सूर बिघडवते. २०१० साली आयफोन ४ या देखण्या फोनची धातूची कडच अँटेना म्हणून वापरली होती. कडेवरच्या एका फटीवर हात पडला, की रेंज घसरे. कंपनीला अखेर फुकट कव्हरे वाटावी लागली. धरण्यासाठी केलेली वस्तू धरली की रुसते, असा प्रकार! म्हणून आता फोनमध्ये एकाहून अधिक अँटेने बसवतात. हाताखाली एक दबला, तर दुसरा काम उचलतो.

शहरात या ओढाताणीची झळ आपल्याला क्वचितच लागते. टॉवर हाकेच्या अंतरावर असतो. पण माझी आई कोकणात, दरीतल्या वाडीत राहते. फोनसाठी ती शंभरेक पावले चढून सड्यावर येते. टॉवर दूर. त्याचा आवाज दांडगा, हातातल्या फोनची ताकद बेताची. तिचा शब्द तिथवर पोचवायचा तो त्या अंग चोरून बसलेल्या अँटेनानेच. तीन डेसिबलचा तोटा म्हणजे निम्मी शक्ती गेली! इथे तो खपून जातो. तिथे वाक्य तुटते.

आणि कुठे तुटते? मी मराठीचा मास्तर. माझे लक्ष तिकडेच जाते. आपल्या भाषेत निकाल शेवटी लागतो. “डॉक्टरांकडे जाऊन आले रे, काळजीचं काही कारण…” एवढे ऐकू येते आणि आवाज बुडतो. ‘आहे’ की ‘नाही’? पुन्हा फोन लागेपर्यंत मी खिडकीत उभा.

फोनच्या जाहिरातीत जाडी मिलिमीटरात सांगतात आणि आपण कौतुकाने वाचतो. त्या पोटभाडेकरूला आणखी थोडी जागा मिळत असेल, तर फोन मिलिमीटरभर जाड झाला तरी माझी तक्रार नाही. त्या एका शेवटच्या शब्दासाठी मी तो आनंदाने खिशात घालीन.