कशाभिका

आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात धानाच्या बांध्या तुडुंब भरत. त्यांतील हिरवट पाणी बाटलीत आणण्याचे काम सरांनी आम्हां वसतिगृहातील मुलांना सांगितले होते. सूक्ष्मदर्शक एकच, रांगेने एकेकाने डोळा लावला. थेंबात युग्लिना पोहत होता. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा तो जीव, आणि त्याच्या पुढच्या टोकाला मोठ्या प्रयासाने दिसणारा एक धागा. सरांनी फळ्यावर लिहिले : कशाभिका. 'कशा' म्हणजे चाबूक.

चाबूक आम्ही वाडवडिलांच्या आठवणींतून ओळखत होतो. तेथे मूठ दुसऱ्याच्या हाती असे आणि पाठ आपली. येथे चाबूक त्या जीवाचा स्वतःचाच होता. तो लाटेसारखा वळत पाणी सारीत होता आणि जीव पुढे सरकत होता. तास संपल्यावर सरांनी ते पाणी बांधीत परत सोडायला लावले. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन का असते, ते आम्हांला त्या दिवशी उमगले.

पुढे महाविद्यालयात कळले की, जिवाणूची कशाभिका फटकारत नाही, मळसूत्रासारखी फिरते. 1974 मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ती काचेला चिकटवली, तेव्हा जिवाणूचे शरीरच गरगर फिरू लागले. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूच्या कशाभिका सेकंदाला शंभराच्या आसपास फेरे घेतात. त्या एका दिशेने फिरल्या की त्यांची जुडी बांधली जाते आणि जिवाणू सरळ धावतो. एखादी उलट फिरली की जुडी विस्कटते, जिवाणू जागीच गिरकी घेतो आणि नव्या दिशेने निघतो. अन्न वाढत असेल तर सरळ धाव लांबते. चाचपडत का होईना, तो योग्य जागी पोहोचतो.

1977 मध्ये पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट मांडली. एवढ्या लहान जीवाला पाणी काकवीसारखे दाट वाटते. वल्हे थांबले तरी नाव काही अंतर जाते. कशाभिका थांबली तर जिवाणू अणूच्या रुंदीइतकाही पुढे जात नाही. मागच्या वेगाची शिल्लक त्याच्यापाशी नसते.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचे सोबती आठवले. काही जण दहावीनंतर थांबले. बुद्धी कमी नव्हती. घरी रोवणीला हात हवे होते. जे थांबले ते तेथेच राहिले. आम्ही पुढे गेलो, ते एका कंदिलाभोवती जुडीने बसून अभ्यास केला म्हणून.

आज आमची मुले शहरांत शिकतात. आईवडिलांच्या धावेवर आपण आपोआप पुढे जाऊ, असे त्यांना वाटू नये, आणि बांधीत अडकलेला एखादा आजचा विद्यार्थी जुडीबाहेर राहू नये. शाळेचे आमच्यावरील ऋण आम्ही एवढ्याच शब्दांत मोजतो.