आठ-अ आणि इंडेक्स

गाव नमुना सात गट क्रमांकाच्या क्रमाने लावलेला असतो आणि गाव नमुना आठ-अ खात्याच्या क्रमाने, त्यामुळे एखाद्या खातेदाराची जमीन कोणकोणत्या गटांत विखुरली आहे हे शोधताना तलाठ्याला गावचे सगळे सातबारे चाळावे लागत नसत. आठ-अ उघडला की गटांची यादी हाती येई आणि सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक पुढे नमुना सहामधील नोंदीकडे नेई. डेटाबेसमधील इंडेक्स म्हणजे मूळ नोंदी जागच्या जागी ठेवून निराळ्या क्रमाने लावलेली अशीच एक सूची होय, आणि महसुली दप्तराने ही सोय संगणकाच्या कितीतरी आधी करून ठेवली, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे.

राज्यातील सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. एवढ्या ओळींचे टेबल इंडेक्सशिवाय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले जाते. पण रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या बी-ट्री रचनेत, सूचीच्या एका पानावर ३०० नोंदी मावतात असे धरले, तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदी आवाक्यात येतात, म्हणजेच सूचीची तीन पाने आणि मूळ नोंदीचे एक पान वाचून काम भागते.

मात्र इंडेक्स ज्या क्रमाने लावला असेल त्याच क्रमाने प्रश्न विचारावा लागतो. मराठी रीतीने पूर्ण नाव लिहिताना आडनाव शेवटी येते, म्हणून पूर्ण नावावरच्या इंडेक्सचा आडनावाच्या शोधाला काहीच उपयोग होत नाही, आणि त्यातच ‘पाटील’ व ‘पाटिल’ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावे ठरतात. आडनावाचा स्तंभ वेगळा करून, ते एकाच प्रमाण रूपात साठवून जिल्हा, तालुका, गाव, आडनाव असा एकत्रित इंडेक्स केला, तर गाव सांगताच शोध तेवढ्या गावापुरता उरतो. गाव न सांगता नुसते आडनाव विचारले, तर हाही इंडेक्स बहुधा निरुपयोगीच ठरतो. दिसेल त्या स्तंभावर इंडेक्स करणे ही उतावळ्या प्रोग्रामरची सवय घातक आहे, कारण एखाद्या फेरफाराने नवी ओळ जोडली गेली की ती प्रत्येक सूचीत नोंदवावी लागते आणि शोधात वाचलेला वेळ लिहिण्यात खर्ची पडतो. म्हणून नवा इंडेक्स करण्यापूर्वी, क्वेरी कोणत्या वाटेने जाते हे दाखवणारी ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा चालवावी आणि तिने दिलेला आराखडा ओळीओळीने वाचावा.