विहारातही लागू द्या हा पडदा

मुंबईत २०१० पासून भरणारा ‘कशिश’ हा क्विअर चित्रपट महोत्सव ‘कशिश फॉरवर्ड’ या नावाने कॉलेजांतही चित्रपट घेऊन गेला. हे फिरणे आम्हाला आवडते. पण ते कॉलेजच्या फाटकाशीच का थांबावे? समाजमंदिरात, विहारात असे लघुपट दाखवू म्हटले की आमच्याच काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. “आधी जातीचा प्रश्न, हे नंतर बघू.” ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत.

मित्रमैत्रिणींनो, १९३४ साल आठवा. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांचा विषयही त्यात होताच. कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब! पुणे कराराला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, काळारामचा सत्याग्रह सुरू होता. जातीचा लढा ऐन भरात असताना त्यांनी हे वकीलपत्र घेतले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, ती गोष्ट वेगळी.

आता आयोजकांना. नीरज घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’तली (२०२१) भारती मंडल मैत्रिणीला आपले आडनाव बॅनर्जी सांगते. तिला प्रेमही लपवावे लागते आणि जातही. अशा किती भारती तुमच्या यादीत आहेत? चित्रपटानंतरच्या चर्चेत ग्रेस बानू यांची, तृतीयपंथीयांना समांतर आरक्षण देण्याची मागणीही येऊ द्या.

पडदा, प्रोजेक्टर, सतरंज्या आमच्या. लघुपट तुम्ही आणा. तारीख रविवारची धरा, त्या दिवशी वस्ती घरी असते.