नासलेलं पाणी, विटाळलेलं पाणी

पवनारला धाम नदीच्या काठी एक बाई कपडे आपटत होती आणि तिचा पोरगा वरच्या अंगाला चिखल तुडवत होता. "पानी नासवू नको ना रे," ती ओरडली. पोरगा बाजूला झाला. मी मात्र त्या क्रियापदापाशीच थांबलो. दूध नासतं, फळ नासतं, पाणी नासतं. नासलेलं डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. पाण्याचं तर आणखी बरं असतं, थोडा धीर धरला की गाळ बसतो आणि ते पुन्हा नितळ होतं.

आता विटाळलेलं पाणी डोळ्यांपुढे आणा. तेही नितळच असतं. त्याला वास नाही, रंग नाही. त्याला झालेलं असतं ते इतकंच, की कुणीतरी शिवलेलं असतं.

मळणं, माखणं, बरबटणं, खरकटं होणं, यांच्यासाठी राख, माती, साबण पुरतो. विटाळाला साबण लागू पडत नाही. त्याला गोमूत्र लागतं, सोनपाणी शिंपडावं लागतं. जी घाण दिसतच नाही ती गेली की राहिली, हे पाहणार कोण? गेली म्हणून सांगण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांच्याच हाती ती लागली म्हणून सांगण्याचाही होता.

'विटाळ' हा शब्द जुना आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने व्याकरण लिहिलं. त्यात अपभ्रंशाच्या भागात लोकांच्या तोंडचे देशी शब्द त्याने संस्कृत शब्दांसमोर मांडले. तिथे 'विट्टाल' भेटतो, आणि त्याच्यासमोर 'अस्पृश्यसंसर्ग' असं लिहिलेलं आहे. मळ नाही, दुर्गंधी नाही, थेट माणसाचा स्पर्श. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद वाचल्यापासून मला 'विटाळ म्हणजे मुळात स्वच्छतेचाच नियम' हे समर्थन ऐकवत नाही. गुजरातीत याच कुळातलं 'वटलवुं' धर्म बदलण्यापर्यंत पोचलं, आपल्या 'बाटणं'सारखंच. आणि संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाईने तर देवालाच रोखठोक विचारलं होतं, की विटाळ देहातच उपजतो, तर निर्मळ राहिला कोण?

पण भाषा एकाच मनाची नसते. 'उष्टं' हा उच्छिष्टाचा वंशज. दुसऱ्याचं उष्टं खायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं. आणि बाळाला पहिला भाताचा घास भरवायचा, त्या सोहळ्याचं नाव काय? उष्टावण. मामाच्या मांडीवर बाळ, समोर चांदीची वाटी, आणि कौतुकाने ओठ उष्टावायचे. मला हा शब्द फार प्रिय आहे. विटाळाला मराठीत असा एकही सण लाभला नाही.

हा विटाळ स्वतःच्या हातांनी मोडायला निघालेला माणूस पवनारलाच राहिला. विनोबा तिथे 1938 मध्ये आले ते प्रकृतीसाठी, नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. त्यांचा आश्रम, 1959 मध्ये बायकांसाठी काढलेलं ब्रह्मविद्या मंदिर, गीतेवरची प्रवचनं, हे सगळे सांगतात. मला मात्र पवनार म्हटलं की सुरगावची वाट आठवते. सुरगाव तिथून तीनेक मैलांवर. 1946 पासून विनोबा खांद्यावर फावडं टाकून रोज त्या वाटेने चालत जात आणि गावकऱ्यांनी उघड्यावर केलेला मैला उचलत. भेट म्हणून नाही, सप्ताह म्हणून नाही. रोज. ऊन असो, पाऊस असो. जन्म गागोद्याच्या ब्राह्मण घरातला, उपनिषदं मुखोद्गत, आणि हातात फावडं. एकदा वाटेवरचा ओढा पुराने भरला होता. ते अलीकडे उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं, की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा भंगी आला होता, पण पाण्यामुळे पार होता आलं नाही. निरोप सरपंचाला नाही, देवाला! हजेरी तिथे लावायची होती.

हे काम 20 वर्षं करायचं, असा त्यांचा संकल्प होता. एक पिढी सरल्याशिवाय गावाची सवय मोडत नाही, हा त्यामागचा हिशेब. घडलं 20 महिने. गांधीजींची हत्या झाली आणि देशाने विनोबांना सुरगावच्या वाटेवरून उचलून नेलं. पुढे भूदान झालं, हजारो मैल पायी चालणं झालं. तरी मला वाटतं, ती राहिलेली वर्षं सुरगावला मिळायला हवी होती. भूदानाचे आकडे पुस्तकांत मोजलेले आहेत. मैला उचलणारा आपल्यासारखाच माणूस आहे, हे कुणाच्या मनात कधी उतरलं, ते मोजायला कुठलंच माप नाही. तेच खरं अवघड काम होतं, आणि ते अर्धंही झालं नाही.

12 फेब्रुवारी 1948 ला गांधीजींच्या काही अस्थी इथे पवनारलाही, धाम नदीत सोडल्या. जुन्या रीतीने प्रेत, राख, अस्थी या सगळ्यांचा विटाळ. शिवलं की आंघोळ. आणि त्याच अस्थींनी नदी पावन झाली म्हणून दर वर्षी त्या दिवशी इथे मेळा भरतो. स्पर्शाने वस्तू बदलते, ही श्रद्धा दोन्हीकडे तीच. कुणाचा स्पर्श, एवढाच प्रश्न.

त्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने दिलं, अस्पृश्यता संपली म्हणून. हाताने मैला उचलायला माणूस लावू नये, असा कायदा मात्र 1993 मध्ये झाला, आणि तो पुरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला.