नवाबाने राखलेलं जंगल

दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला जायचं ठरलं तेव्हा शाळेतले एक सर हसले. "शहापूरची माणसं जंगल बघायला समुद्राकडे चालली?" आमच्याकडे माहुली आहे, तानसा आहे, मुरबाडच्या अंगाला माळशेज आहे, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला फणसाडच पाहायचं होतं, कारण ही जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची शिकारीची जागा.

सुपेगावच्या बाजूने आत शिरलो. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. पायवाटेवर गारंबीचे जाडजूड वेल झाडांना पिळे घालून वर गेलेले. तिची हातभर शेंग बघून धाकट्याने विचारलं, "अब्बा, ही राक्षसाची चिंच का?" वर एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. बिबट्या काही दिसला नाही. अम्मीने त्याबद्दल अल्लाहचे आभार मानले.

संस्थान १९४८ साली विलीन झालं, अभयारण्य जाहीर झालं १९८६ साली. आमच्यातले काही उत्साही लोक नवाबाला निसर्गप्रेमी ठरवतात. इतर कित्येकांना सिद्दी म्हणजे फक्त परका दुश्मन. मला दोन्ही पटत नाही. शिकारीला जनावर हवं, जनावराला झाडी हवी, म्हणून झाडी राहिली.

दुपारी खोकरीच्या घुमटांकडे गेलो. सर्वांत मोठा सिद्दी सिरुलखानाचा. शेजारी याकूतखान आणि खैरियतखान, दोघे भाऊ. मुलगी मराठी शाळेत शिकते, अक्षरं घरी माझ्याकडून शिकली आहे. ती दारावरच्या अरबी ओळीत एकेक हर्फ शोधत राहिली. फातिहा पढून बाहेर आलो तर म्हणाली, "मग आपलं तानसाचं जंगल कुणी राखलं?"

मुंबईच्या नळांनी, मी म्हटलं. तानसाचं धरण १८९२ चं. तलावाभोवतीची झाडी सांभाळली गेली ती त्या पाण्यासाठी. तिथेही कुणाची तरी गरजच होती. नवाब गेले, नळ मात्र चालू आहेत. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. एप्रिलमध्ये माझ्या वर्गातल्या काही मुली पहिल्या तासाला उशिरा येतात. हजेरी घेताना कारण विचारावं लागत नाही, खांद्यावरची ओढणी ओली असते.