आमची गल्ली कुठं गेली?

सात रस्त्यावर परिवहनच्या डेपोजवळ एका चहाच्या गाड्यामागे लाकडी बाकडं आहे. दर चार-पाच वर्षांनी आठ-दहा दिवस ते माझं कार्यालय होतं. भूगोल शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. समोच्च रेषा, प्रमाण, दिशा हे सगळं मी घसा कोरडा करून सांगितलं आणि मुलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली. पण महापालिकेच्या प्रभागरचनेचं प्रारूप लागलं की तीच मुलं, आता चाळिशी-पन्नाशीला आलेली, नकाशाच्या झेरॉक्सची सुरळी काखेत मारून हजर होतात. ‘सर, आमची गल्ली कुठं गेली ओ?’

गल्ली जागेवरच असते. रेघ सरकलेली असते. ती कोणत्या नियमानं सरकली हे समजल्याशिवाय हरकत लिहिता येत नाही, म्हणून मी नकाशा वाचून देतो. कुणाला तिकीट मिळेल, कुणाचं गणित बिघडेल हे बाकड्यावर बोलायचं नाही, असा माझा दंडक आहे. तो दिवसातून चार वेळा मोडतो.

नियम तसे फार नाहीत. रचनेची सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची, ईशान्येकडे, मग पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला करायचा. क्रमांकही त्याच ओघानं द्यायचे. सीमा शक्यतो मोठे रस्ते, नाले, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून न्यायच्या. वस्त्या फोडायच्या नाहीत, अनुसूचित जाती-जमातींच्या तर नाहीच. जनगणनेचा प्रगणक गट चिरायचा नाही. आणि प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त इकडं-तिकडं होऊ द्यायची नाही. एकेक नियम सुटा वाचला तर कुणीही मान डोलवेल. पाचही एकत्र पाळायला बसा, म्हणजे पहिल्या तासाभरात एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो.

रस्त्याचंच घ्या. कागदावर मोठा रस्ता म्हणजे भिंत. सोलापुरात मात्र रस्ता म्हणजे ओसरी. समोरासमोरची दुकानं, एकच रिक्षा स्टॉप, एकच गणपती मंडळ, वर्गणीही दोन्ही बाजूंनी. सात रस्त्यावर उभं राहून बघा. एक रस्ता रंगभवनाकडे, एक मोदी भागाकडे, एक स्टेशनच्या अंगाला, एक विजापूर रोडला. रस्त्याचा मध्य ही सीमा धरायची म्हटली, तर वाहतूक पोलीस जिथं छत्री लावून उभा असतो, तिथं रेघांची मोळी बांधावी लागेल. चहाचा गाडा एका प्रभागात, गिऱ्हाईक दुसऱ्यात आणि कपबश्या धुतलेलं पाणी तिसऱ्यात जाईल. चौक हा लोकांच्या लेखी एकत्र येण्याचा बिंदू. सीमा आखणाऱ्याच्या लेखी तो तुटण्याचा बिंदू.

लोक नकाशाकडे बघतात आणि चुकतात. नकाशाबरोबर सीमांचं शब्दांत वर्णन दिलेलं असतं, खरी मेख त्यात असते. उत्तरेला अमुक रस्ता, तेथून पूर्वेकडे नाल्याने अमक्या कंपाउंडपर्यंत, तेथून दक्षिणेकडे बोळाने, अशी ती भाषा. जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेची आठवण व्हावी अशी. एका वर्षी अशाच वर्णनात एक रेघ टायरच्या दुकानापाशी वळत होती. मी आणि माझा एक विद्यार्थी ते दुकान शोधत भर उन्हात अर्धा तास फिरलो. तिथं मोबाईलचं दुकान, झेरॉक्सचं दुकान, एक बंद शटर. शेवटी पानवाल्यानं सांगितलं, टायरवाला जागा सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली. ते बंद शटर म्हणजे आमच्या प्रभागाचं आग्नेय टोक.

आता आकड्यांकडे येतो, कारण हरकती तिथंच गडगडतात. 2011 च्या जनगणनेत सोलापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या 9,51,558. नगरसेवक 102. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण 9,329 माणसं आणि चार सदस्यांच्या प्रभागात 37,316. दहा टक्क्यांची सूट धरली तर प्रभाग 33,600 च्या खाली जाता कामा नये आणि 41,000 च्या वर चढता कामा नये. प्रगणक गट म्हणजे सव्वाशे-दीडशे घरं, सहाशे ते आठशे माणसं. म्हणजे एका प्रभागात पन्नासेक गट. एक गट उचलून पलीकडे ठेवला की दोन टक्के हलले. पाच गट हलवले की काठावर आलात. ‘आमची कॉलनी तिकडं टाका’ असं एका ओळीत लिहिणाऱ्याला हे दिसत नाही. तिकडं टाकायची, तर तिकडचं कोण इकडं येणार?

हे मलाही ठेच लागल्यावर कळलं. 2016 सालची गोष्ट. हद्दवाढ भागातल्या एका कॉलनीचे दोन गट नाल्यामुळे शेजारच्या प्रभागात गेले होते. नाला ही नैसर्गिक सीमा, नियमाला धरूनच. पण त्या नाल्यावर छोटा पूल होता. पोरांची शाळा, रेशनचं दुकान, दवाखाना सगळं पुलापलीकडे. मी दोन पानी हरकत लिहिली, पुलाचे फोटो जोडले, सुनावणीला स्वतः उभा राहिलो. हरकत मान्य झाली. कॉलनीत पेढे वाटले, मीही खाल्ले. अंतिम रचना आली आणि आठवड्यानं एक म्हातारे गृहस्थ बाकड्यापाशी आले. यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, घरात तेलुगू. आमचे दोन गट आत घेताना आकडा वर गेला म्हणून त्यांच्या वस्तीचे दोन गट बाहेर पडले होते, थेट रेल्वे रुळांपलीकडच्या प्रभागात. ते चिडले नव्हते. ‘सर, तुमची हरकत लई चांगली होती म्हणं,’ एवढंच बोलले, चहा घेतला आणि पैसेही स्वतः दिले. त्यांच्या वस्तीकडून हरकत आली नव्हती, कारण प्रारूपात ती जागेवरच होती. मुदत संपल्यावर झालेल्या बदलावर हरकत घ्यायला दुसरी फेरी नसते. आणि महापालिकांच्या सीमानिश्चितीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट राज्यघटनेच्या 243 झेडजी कलमानं मुळातच अरुंद करून ठेवली आहे.

तरीही वाकड्या रेघेचा मला फारसा राग नाही. राग आहे तो रेघ सतत पुसण्याचा. 2002 ला तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 ला एक सदस्य एक वॉर्ड, 2012 ला दोन, 2017 ला चार. दर निवडणुकीला सदस्यसंख्या बदलत गेली. मुंबई तेवढी वगळली आहे, तिथं एक वॉर्ड एक नगरसेवक हेच चालतं. मुंबईकरांना एक माणूस पुरतो आणि सोलापूरकराला चार लागतात, याचं भूगोलाच्या पुस्तकात तरी मला कारण सापडलेलं नाही. 2017 ला आपल्याकडे 26 प्रभाग झाले, 24 चार सदस्यांचे आणि 2 तीन सदस्यांचे. गटार तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा, हे पाच वर्षांत पुष्कळांना समजलं नाही. चौघांना मात्र एकमेकांकडे बोट दाखवणं लगेच जमलं.

मग 2022 उजाडलं. तीन सदस्यांचा प्रभाग, नगरसेवक 102 वरून 113, प्रभाग 38. लोकसंख्या तीच, 2011 ची. फेब्रुवारीत प्रारूप लागलं. त्या पंधरवड्याइतकी गर्दी बाकड्यानं कधी पाहिली नाही. प्रत्येक प्रभागाचा आकार सदतीस हजारांवरून पंचवीस हजारांवर आलेला, म्हणजे शहरभर सगळ्याच रेघा नव्या. लोकांनी झेरॉक्स काढल्या, फोटो लावले, सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना रजा टाकून गेले. मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणाचा तिढा सुटेना, म्हणून त्याच महिन्यात विधिमंडळानं कायदा करून रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतले. सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये संख्या पुन्हा 2017 वर गेली. ज्या नकाशासाठी एवढी धावपळ झाली, त्यावर एकही मत पडलं नाही. माझ्याकडे त्याची एक प्रत आहे. पापड मी त्यावर वाळत घालतो.

सोलापूरला सीमांचं हे वारं नवं नाही. 1967 च्या महाजन आयोगानं अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूरची काही गावं कर्नाटकात द्यावीत असं सुचवलं होतं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाची मतदारसंघ पुनर्रचना 2008 ला लागू झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या विधानसभेच्या 13 जागा 11 झाल्या, पंढरपूर लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला, माढा नवा आला आणि सोलापूर लोकसभा राखीव झाली. पंढरपूरचे तेव्हाचे खासदार रामदास आठवले 2009 ला शिर्डीला उभे राहिले आणि पडले. माढ्यातून शरद पवार निवडून गेले. मोठ्या नेत्यांना दुसरा मतदारसंघ मिळतो. वस्तीला दुसरी वस्ती मिळत नाही.

महापालिकेपुरतं बोलायचं तर सगळ्यांत मोठी रेघ 1992 च्या हद्दवाढीची. शहर 33 चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, ते एका दमात 178.57 झालं. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, केगाव ही गावं आत आली. पाणी मात्र अजून रेघांकडे बघून येत नाही. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं ते टाकीच्या झोननुसार. टाकीची सीमा वेगळी, झोन कार्यालयाची वेगळी, प्रभागाची वेगळी. एकाच गल्लीत अलीकडे मंगळवारी पाणी, पलीकडे गुरुवारी, आणि नगरसेवक दोघांचे तेच. माझं ठाम मत आहे की प्रभागाचा पहिला निकष पाण्याची टाकी असावा. हे मी तीन वेळा सूचना म्हणून लिहून दिलं. निकषात बसत नाही असं उत्तर आलं, आणि ते नियमाप्रमाणे बरोबरच आहे.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुका घेण्याच्या 6 मेच्या आदेशानंतर गाडं पुन्हा हललं. पावसाळ्यात प्रारूप लागलं: 26 प्रभाग, 102 नगरसेवक, बहुतेक रेघा 2017 च्याच. बाकड्यावर गर्दी कमी होती. जे आले त्यांतले बरेचसे इच्छुक उमेदवार किंवा त्यांची माणसं. अनुसूचित जातींच्या जागा त्या लोकसंख्येच्या उतरत्या टक्केवारीनं ठरतात, म्हणून एखादी वस्ती या अंगाला येते की त्या, यावर कुणाचं तरी दुकान उघडतं किंवा बंद होतं. त्यांची हरकत वकिलाकडून छान टाईप होऊन येते. ज्यांच्या दारातलं गटार तुंबतं, त्यांची येतच नाही.

शिवाय मोजलेली माणसं 2011 ची आहेत. विजापूर रोड आणि होटगी रोडच्या बाजूला त्यानंतर उठलेल्या सोसायट्या या आकड्यांत नाहीत. पुढची गणना 2027 मध्ये आहे. म्हणजे नवे आकडे आले की पुन्हा एकदा सगळ्या रेघा हलणार.

तेव्हा हरकत लिहाल, तर एवढं करा. आपला प्रगणक गट क्रमांक आणि त्याची लोकसंख्या आधी काढून घ्या. गट आत घ्या म्हणताना त्या बदल्यात कोणता गट बाहेर जाईल, तेही त्याच अर्जात लिहा. आणि अर्ज देण्याआधी त्या गटातल्या चार घरी जाऊन या.